मामाजींच्या शेजारची सीट

आमच्या घरी मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही, असा नियम होता. वडील सौंसरला प्राथमिक शाळेत मास्तर. वर्गात त्यांचा आवाज थेट रस्त्यापर्यंत जायचा, त्यामुळे घरी बाकीच्यांनी आवाजाची बचत करावी असं त्यांचं मत असावं. मोठ्यांकडे बोट दाखवायचं नाही, हातवारे करून बोलायचं नाही, दोनदा विचारायचं नाही. मी आणि माझी थोरली बहीण इतकं हळू बोलायला शिकलो की नवे पाहुणे आईला आमच्या तब्येतीबद्दल विचारत. आई अभिमानाने सांगायची, लेकरं गरीब आहेत हो माझी.

अशा गरीब मुलाने पुढे रेल्वेच्या इंजिनात नोकरी धरली. आयटीआय झालं होतं, जाहिरात निघाली, परीक्षा दिली. डोळे तपासले, डोकंही तपासलं, दोन्ही ठीक निघाले. हुद्दा सहायक लोको पायलट, पण गावात एवढं लांब कोण म्हणतं? सगळे ड्रायव्हरच म्हणायला लागले. आईने जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडला. रामाकोन्याच्या मावशीने गाडीचं स्टेअरिंग कुठल्या बाजूला असतं ते विचारलं, आणि स्टेअरिंग नसतंच म्हटल्यावर तिचा माझ्या नोकरीवरचा विश्वास जो उडाला तो आजतागायत परतलेला नाही.

आता सहायकाचं काम काय असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इंजिनात दोन माणसं असतात. डावीकडे ड्रायव्हर बसतो, तो गाडी चालवतो. उजवीकडे सहायक, आणि त्याने मुख्यतः ओरडायचं असतं. सिग्नल दिसला की हात लांब करून त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि त्याचा रंग मोठ्याने पुकारायचा. ड्रायव्हरने तेच परत म्हणायचं. दोन पिवळे म्हणजे वेग सांभाळा. एक पिवळा म्हणजे पुढे लाल असणार, थांबायची तयारी करा. ड्रायव्हरने लक्ष दिलं नाही तर सहायकाच्या हाताशी इमर्जन्सी ब्रेकचा वाल्व्ह असतो, तो ओढायचा. म्हणजे मोठ्यांसमोर बोट दाखवणं, ओरडणं आणि शेवटी त्यांच्या कामात हात घालणं, याचा पगार मिळतो.

प्रशिक्षणात माझा आवाज ऐकून शिकवणारे साहेब म्हणाले की सिग्नलच्या कानात सांगायचं नाहीये. त्यांनी मला आठवडाभर मैदानाच्या एका टोकाला उभं केलं, दुसऱ्या टोकाला एक लिंबाचं झाड होतं, आणि मी त्या झाडाला सिग्नल सांगत असे. झाडाकडून तक्रार येईनाशी झाल्यावर मला पास केलं. पुढे कामावर लागलो तेव्हा परक्या माणसावर ओरडायला मला बऱ्यापैकी जमू लागलं होतं.

नडलं ते आपल्या माणसापाशी. बहिणीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पांढुर्ण्यात दिली होती तिला. जावई दुकान चालवत, आणि तिचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, मालगाडीवर ड्रायव्हर होते. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. बहीण त्यांना मामाजी म्हणे, म्हणून मीही मामाजीच म्हणत असे. उंचपुरा माणूस, पांढऱ्या मिशा, आणि घरात त्यांच्या शब्दापुढे कोणाचा शब्द नाही.

बहिणीला बी.एड. करायचं होतं. एम.ए. झालेलं होतं, छिंदवाड्याला कॉलेज होतं, वडिलांसारखं शाळेत शिकवायचं हे तिचं लहानपणापासून ठरलेलं. जावयांची हरकत नव्हती, पण बाबांना विचार, एवढं म्हणून ते दुकानात निघून जात. तिने विचारलं. चहा देताना विचारलं, जेवण वाढताना विचारलं, डोक्यावरचा पदर सांभाळत, खाली पाहून, जसं सुनेने विचारावं तसं. दोन वर्षांत चारदा विचारलं. चारही वेळा मामाजी काही न बोलता उठून गेले किंवा पेपर वाचत राहिले. आमच्याकडे मोठ्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ एकच होतो. फोनवर तिने मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, पण मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. त्या वर्षीच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली होती आणि पाचव्यांदा विचारायची तिची छाती होत नव्हती.

त्याच सुमारास माझी ड्यूटी मामाजींसोबत लागली. आमच्या ड्यूट्या संगणक लावतो, आणि संगणकाला सोयरीक समजत नाही. घरी सांगितलं तर वडील विचारातच पडले. मी नोकरीला लागलो तेव्हाही ते एवढे गंभीर झाले नव्हते. आपण मुलीकडचे आहोत हे विसरू नको, असं त्यांनी दोनदा बजावलं. आईचा हिशेब वेगळा होता. आधी पाया पड, मग चांगली वेळ पाहून पोरीच्या बी.एड.चं काढ, तुझ्या शब्दाला मान देतील, असं ती म्हणाली. माझ्या शब्दाला तोवर कोणी मान दिल्याचं मला आठवत नव्हतं, पण आईपुढे बोलायची सोय नव्हती.

तर मी इंजिनात चढलो आणि मामाजींच्या पाया पडलो. इंजिनाची केबिन पाया पडण्यासाठी बांधलेली नसते. माझं डोकं हँडलवर आपटलं. मामाजींनी आशीर्वाद दिला आणि वॉकीटॉकी माझ्या हातात दिली. गार्डशी, स्टेशनशी सगळं बोलणं तूच कर, तुझा सराव होईल, म्हणाले. मला ते फार मोठेपणाचं वाटलं. इतर ड्रायव्हर नव्या पोराला वॉकीटॉकीला हातही लावू देत नाहीत.

गाडी निघाली आणि मामाजी बोलू लागले ते थांबलेच नाहीत. संत्र्याचा बहार, मोहगावचा त्यांचा जुना मित्र, रेल्वेत पूर्वी कशी माणसं होती, सगळं. मी बोललो की ते मान वळवून माझ्या तोंडाकडे निरखून पाहत. मला वाटलं, पोरगा तंबाखूचा खर्रा खातो की काय ते बघतायत. सोयऱ्यांना अशी शंका आली तर बहिणीच्या माहेरचं नाक कापलं जायचं, म्हणून मी ओठ शक्य तितके मिटून बोलू लागलो. सिग्नलही तसेच. आणि सोयऱ्यांच्या नाकासमोर हात लांब करून बोट कसं दाखवायचं? मी आपला मांडीवरून तळहात थोडासा उचलून, ग्रीन आहे जी, असं म्हणत असे. सिग्नलला जी लावणारा मी त्या विभागातला पहिलाच असेन. मामाजी स्वतः समोर पाहून रंग पुकारत होते, नजर त्यांची घारीची, त्यामुळे काही बिघडलं नाही.

दुसऱ्या फेरीत मी बी.एड.चं काढलं. गाडी एका स्टेशनात अर्धा तास उभी होती, मागे इंजिन गार ठेवणारा ब्लोअर घोंघावत होता, मामाजी बाहेर संत्र्याच्या बागेकडे पाहत होते. मी शक्य तितक्या नम्रपणे म्हटलं की ताईला पुढे शिकायचं होतं, आपली परवानगी असेल तर. मामाजी बागेकडेच पाहत राहिले. जरा वेळाने म्हणाले की यंदा गळ फार झाली, फळ टिकून नाही राहिलं. मी समजायचं ते समजलो. संध्याकाळी बहिणीला फोन करून सांगितलं की मामाजी नाही म्हणाले. काय म्हणाले, असं तिने विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही म्हणाले. मग नाहीच, ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. मला मामाजींचा इतका राग आला की आपल्याला एवढा राग येतो याचंच नवल वाटलं.

तिसरी फेरी दुपारची होती. कोळसा भरलेली गाडी, पांढुर्णा सोडून नागपूरकडे निघालो होतो. पुढे एक लहान स्टेशन लागतं, त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्या स्टेशनाचा यात काही दोष नाही. त्या दिवशी मामाजींनी लग्नाचा विषय काढला होता. आमच्या वडिलांनी वरपक्षाला टोपी-दुपट्टा दिला तेव्हा मामाजींच्या मेहुण्यापर्यंत येता येता टोप्या संपल्या होत्या आणि त्याला नुसत्या दुपट्ट्यावर भागवावं लागलं होतं. मेहुणा अजून त्यांना त्यावरून बोलतो म्हणे. ते पूर्ण माझ्याकडे वळून सांगत होते, माझ्या तोंडाकडे पाहत, मी काय उत्तर देतो ते बघत.

तेवढ्यात दोन पिवळे दिसले. मी तळहात उचलून म्हटलं, डबल येलो आहे जी.

"हाव न," मामाजी म्हणाले, "तेच तं म्हणून राह्यलो मी."

वेग कमी झाला नाही. भरलेली मालगाडी आणि किंचित उतार. माझ्या मनात आलं की ते अनुभवी आहेत, त्यांचं काही गणित असेल. पुढचा सिग्नल दिसला, एकच पिवळा. मी जरा जोर लावून म्हटलं, मामाजी, येलो आहे जी. ते म्हणाले की हो, चूक तर झालीच, पण आता धरून बसायचं नाही. आणि पुन्हा मेहुण्यावर आले. तो पिवळा आमच्या शेजारून मागे गेला. काटा पंचावन्नच्या खाली येत नव्हता.

त्या दोन-चार सेकंदांत मी काय विचार केला हे मला पुढे चौकशीत विचारलं गेलं आणि मी खोटं सांगितलं. सांगितलं की नियम आठवला. आठवली ती बहीण. सासऱ्याच्या गाडीला तिच्या भावाने ब्रेक लावला, हे त्या घरात जन्मभर चघळलं जाईल आणि ती पाणी भरताना, पोळ्या लाटताना ते ऐकत राहील. फॉर्मचं तर नावच नको. एवढं सगळं स्पष्ट दिसत असताना मी वाल्व्ह ओढला.

गाडी करकरत, मागून धक्के देत थांबली. पुढे, दोन विजेच्या खांबांच्या अंतरावर, लाल सिग्नल होता.

मामाजींनी आधी सिग्नलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तीन फेऱ्यांत पहिल्यांदाच ते गप्प झाले. वॉकीटॉकीवर गार्ड विचारत होता की काय झालं, मी त्याला सांगितलं. मग मामाजींनी विचारलं की मी सिग्नल पुकारला होता का. मी म्हटलं, हो जी, दोनदा. त्यांनी मान पुढे केली, मी परत, ओठ उघडून सांगितलं.

"मले ऐकू नाई येत, बाबू," ते म्हणाले. "अडीच वर्षं झाले. घरी बी मालूम नाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कामात अडचण नव्हती, कारण डोळे शाबूत होते. सहायकाचा हात उठला, तोंड हललं की कळायचं. वॉकीटॉकी मात्र जमत नव्हती, म्हणून ती नव्या पोरांच्या सरावासाठी द्यायची. लोक काय बोलतात ते कळेना म्हणून स्वतःच बोलत राहायचं. मागच्या तपासणीत ओठ पाहून निभावलं होतं, चार महिन्यांवर पुढची होती, तिथे काय करायचं ते ठरलं नव्हतं. आणि या पोराचा ना हात उठत होता ना तोंड उघडत होतं. ते त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले की ब्रेक लावल्याचं लिहावंच लागेल, ते लिही, पण कानाचं लिहू नको.

मी दोन दिवस जेवलो नाही नीट. लाल सिग्नल ओलांडला नव्हता, कोणाला खरचटलं नव्हतं, आणि मी नुसतं त्यांचं लक्ष नव्हतं असं लिहिलं असतं तर त्यांना थोडी समज देऊन सोडलं असतं. पण मग पुढच्या आठवड्यात त्यांच्या शेजारी दुसरा कोणी गरीब मुलगा बसला असता. तिसऱ्या दिवशी मी कानाचं लिहून दिलं. वडिलांना सांगितलं तर ते इतकंच म्हणाले की मुलीचं कसं होईल आता. बहिणीला सांगायचं धाडस माझ्याकडून झालं नाही.

मामाजींना तपासलं, इंजिनावरून उतरवलं आणि कार्यालयात टेबल दिलं. सदतीस वर्षं इंजिनात घालवलेला माणूस. घरी त्यांनी कंबर धरते म्हणून टेबल मागून घेतलं असं सांगितलं, हे मला बहिणीकडूनच कळलं. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं, आणि परत तसंच लिहीन हेही माहीत आहे.

महिन्याभराने वडिलांनी मला पांढुर्ण्याला पाठवलं. माफी मागून ये, सोयरीक तुटायला नको. सोबत केळी दिली, कारण पांढुर्ण्याला संत्री नेण्यात अर्थ नव्हता. मामाजी समोरच्या खोलीत खुर्चीत बसले होते. बहिणीच्या सासूबाई भाजी निवडत होत्या, बहीण आत स्वयंपाक करत होती. मी पाया पडलो, मग त्यांना माझं तोंड दिसेल असा समोर उभा राहिलो, आणि झाडाला सांगायचो तसं खणखणीत आवाजात म्हटलं की मामाजी, मी तुमच्या कानाचं लिहून दिलं, माफ करा.

घरात कोणाला कानाचं माहीत नाही, हे मला वाक्य पूर्ण झाल्यावर आठवलं. सासूबाईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. मामाजींनी डोळे मिटून घेतले. बहीण स्वयंपाकघराच्या दारात आली, हाताला पीठ, आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "मंग मी चारदा कोनाले इचारलं?"

मामाजींनी डोळे उघडले होते. काय म्हणते थे, असं त्यांनी मला विचारलं. मी मोठ्याने सांगितलं की तिला बी.एड. करायचं आहे, दोन वर्षांत तुम्हाला चारदा विचारलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत.

मामाजी सुनेकडे वळले.

"मले वाटे," ते म्हणाले, "शिकलेली सून हाय, माह्यासंग बोलतच नाई."

सासूबाई रडायला लागल्या. मामाजींनी बहिणीला फॉर्म आण म्हटलं, आत्ताच सही करतो. बहिणीने मान हलवली. फॉर्मची तारीख जाऊन आठ दिवस झाले होते. मी ते मामाजींना सांगितलं, आणि झालं काय, मामाजी तिच्यावरच चिडले. एवढी तारीख निघून जात होती तर परत विचारायला काय झालं होतं, जोरात बोलायला काय झालं होतं, तोंड नव्हतं का.

बहिणीने डोक्यावरचा पदर मागे टाकला. ती त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसावर आवाज चढवला. दोन वर्षं मी या घरात कुजत राहिले, ती म्हणाली, माझं हेही वर्ष गेलं, आधीची दोन गेली, तुम्हाला ऐकू येत नाही हे तुम्ही एका माणसाला सांगितलं असतं तर मी ओरडून विचारलं असतं, छतावर चढून विचारलं असतं. शेजारचं कोणी खिडकीत आलं. सासूबाई दार लावायला धावल्या. बहीण थांबत नव्हती, आणि तिला थांबवायला कोणी उठलंही नाही.

मामाजी तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिचं बोलणं संपल्यावरही पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"आलं ऐकू," ते म्हणाले.